खुणांची यादी

४ जून

ती. ताईस सा. न.

खोली मिळाली. पलंग, टेबल, एक खिडकी, दारामागे खुंटी. दाराला आतून कडी आहे आणि ती लावायला मी एकटाच. पुनर्वसन केंद्राच्या बाई आठवड्यातून दोनदा चहाला म्हणून येतात आणि गोळ्यांच्या डबीकडे बघून जातात.

काम बायंडिंगचं. जुनी पुस्तकं उसवायची, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, क्रमाने लावायचे, पुन्हा शिवायचे. मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं की मला स्किझोफ्रेनिया आहे. त्यांनी विचारलं, धार लावता येते का. येते म्हटलं. मग झालं, म्हणाले. तीन महिने अखंड गेले तर काम पक्कं आणि खोलीही. नाहीतर पुन्हा तुझ्याकडे. अकरा वर्षं राहिलो, आता पुरे.

बाई आणि मी मिळून खुणांची यादी केली आहे. तब्येत बिघडायच्या आधी माझ्यात काय बदलतं, ते. पत्रावर तारीख नसणं. बूट घालून झोपणं. जेवण टाळणं. कोणी पाळत ठेवतंय असं वाटणं. एक प्रत बाईंकडे, एक माझ्या कपाटाच्या दारावर, एक सोबत. दोन खुणा एकदम दिसल्या तर तू बाईंना फोन करायचास. खाली माझी सही आहे.

मला मात्र फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज बाकीच्या आवाजांत मिसळतो, आणि तुझा कुठला ते निवडत बसावं लागतं. कागदावर तू एकटीच असतेस.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो कागदावर पाठवत जा.

तुझा
छोट्या

११ जून

चि. छोट्या यास अनेक आशीर्वाद.

दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा वाढलास, तरी छोट्याच. यादी फ्रीजवर लावली. हे म्हणाले, किराण्याच्या यादीशेजारी नको, एखाद्या दिवशी दुकानदाराला भलतीच वाचून दाखवीन.

तुझी खोली रोज पुसते. रिकाम्या खोलीत एवढी धूळ येते कुठून? चार वाजता तुझ्या गोळीची वेळ म्हणून उठते आणि पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहते. मग ते पाणी कुंडीला. परवा झाड कुजलं.

जेवतोस ना? केस कापलेस की पुस्तकांबरोबर तेही शिवून टाकलेस? मालकांनी अजून हाकललं नाही म्हणजे त्यांचंही डोकं एकदा तपासून घ्यायला हवं.

लवकर लिही. मला वाट बघता येत नाही, तुला माहीत आहे.

तुझी
ताई

ती. ताईस सा. न.

घाईत लिहितो, समोर शब्दकोश उसवून पडलाय. कागद इथलाच, कापून उरलेला. कडा बघ किती सरळ.

माझ्या वरच्या मजल्यावरच्या माणसाची गंमत आहे. संध्याकाळी मी खोलीत शिरलो की तो खुर्ची ओढतो. मी खिडकीशी गेलो की खुर्ची खिडकीशी. पलंगावर बसलो की बरोबर पलंगाच्या वर. आता मी त्याला चकवायला मध्येच थांबतो.

केस कापले. जेवतो. दाजींना नमस्कार.

तुझा
छोट्या

२ जुलै

ती. ताईस सा. न.

तारीख घातली आहे, बघून घे.

तू बाईंना फोन केलास. यादीप्रमाणे दोन खुणा होत्या, यादीप्रमाणे केलास, आणि यादीखाली सही माझी. त्यामुळे रागवायला माणूस सापडत नाही.

बाई आल्या. डॉक्टर म्हणाले, चार दिवस कामावर जायचं नाही. मी सांगत राहिलो की मी बरा आहे. बरा नसतानाही मी हेच सांगतो, हे त्यांना माहीत आहे, आणि मलाही. तिसऱ्या संध्याकाळी बाई माझ्या खोलीत बसलेल्या असताना वर खुर्ची ओढली गेली. त्या उठून वर गेल्या. वर शिंपी राहतो. सहाला काम सुरू करतो आणि चाकांच्या खुर्चीवरून मशीन ते इस्त्री, इस्त्री ते मशीन फिरतो. मीही सहालाच घरी येतो. एवढंच.

तारीखही मी घातली होती. कडा सरळ दिसावी म्हणून लिहिलेलं पत्र कटिंग मशीनखाली धरलं. वरच्या पट्टीबरोबर तारीख गेली. तुला सफाई दाखवायची होती.

तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

छोट्या

७ जुलै

चि. छोट्या यास आशीर्वाद.

माझं चुकलं असेल. पण सात वर्षांपूर्वी मला आठवडाभर दिसत होतं की तू बूट काढत नाहीस. तुला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. मग तू एकोणीस दिवस सापडला नाहीस.

तुझी पत्रं टेबलावर ओळीने मांडून बसते. अक्षर बदललं का, रेघ वाकडी का, शोधत राहते. हे म्हणतात, आवर आता. आवरते आणि पुन्हा मांडते.

तू इकडेच ये. खोली पुसलेली आहे.

ताई

४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

काल तीन महिने झाले. मालकांनी फर्म्यांना भोकं पाडायची आरी पुसून हातात दिली आणि म्हणाले, ही आता तुमची. खोली माझी.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. ऑगस्टमध्ये दोन दिवस सकाळी पायांत बूट घेऊन उठलो. डबा तसाच परत आणत होतो. कपाटाचं दार उघडून यादी वाचली आणि आपणहून बाईंकडे गेलो. गोळी वाढवली. या वेळी काम बंद करायला लावलं नाही. मालकांनी आठवडाभर मला फक्त खळ ढवळायला बसवलं. तुला लिहिलं असतं तर तू पहिल्या गाडीने आली असतीस.

राहायला येणार नाही, ताई. पाहुणा म्हणून येईन, एका पिशवीत मावेल एवढं घेऊन.

आता तुझी यादी. मीच केली आहे. ग्लास घेऊन उभं राहणं. पत्रं मांडणं. दुपारी न जेवणं, हे दाजींनी लिहिलं. आणि सगळ्यांत मोठी, चेष्टा बंद होणं. जुलैपासून तुझी चार पत्रं आली, एकातही टोमणा नाही.

मागच्या वेळचं पाहून एक नियम वाढवला आहे. फोन करण्याआधी विचारायचं. उत्तरात चेष्टा आली तर थांबायचं, नाही आली तर दाजींना फोन.

तर विचारतो. बरी आहेस ना?

लोभ वाढतोच आहे, तू फक्त जेवत जा.

तुझा
छोट्या

११ ऑक्टोबर

चि. छोट्या यास अनेक आशीर्वाद.

तीनदा लिहायला बसले. चेष्टा सुचत नाही.

फोन कर. ह्यांना नको, मला. माझा आवाज कुठला ते तुला कळेपर्यंत मी थांबेन.

तुझी
ताई