सी मफद्दलचा कागद

सोमवार, १४ मार्च २०२२

सही झाली! सी मफद्दल आज नगरपालिकेत माझ्या सही-शिक्क्याच्या खिडकीवर आला. पहाटे डोंगरातून निघाला होता, अर्धी वाट गाढवावरून, उरलेली पायी. बुटांना चिखल. कागद मीच लिहिलेला — ‘सात वर्षं मी किफच्या (गांजाच्या) झाडापासून, ऑलिव्हच्या तेलात, औषध करतो आणि शाउनमधल्या अकरा आजाऱ्यांना देतो. बदल्यात काही घेत नाही.’ खाली पूर्ण नाव, गाव, ओळखपत्राचा नंबर.

त्याला वाचता येत नाही. दोनदा वाचून दाखवलं, हळू आवाजात. शेजारच्या खिडकीला ऐकू जायला नको होतं. मग नोंदवहीत त्याची सही — एक आडवी रेघ आणि तिच्यावर पाखरू बसावं तसं काहीतरी. शिक्का मारला. एक प्रत अर्जासोबत जोडायला ठेवली. ‘एक मलाही दे,’ म्हणाला. दिली.

कागद दोन्ही हातांत धरून उभाच राहिला. ‘झालं का, लल्ला? पक्कं?’ बायकांना मानानं ‘लल्ला’च म्हणतो तो.

‘झालं, सी मफद्दल. पक्कं.’

मागे रांग होती. मला त्याला लवकर वाटेला लावायचं होतं.

घरी थुरैयाला, पाय आखडून पडलेल्या माझ्या बहिणीला, सांगितलं तेव्हा ती उशीवरूनच टाळ्या वाजवत होती. ‘बघ, राबातच्या संसदेतले ते साहेब आता डोळ्यांवर चष्मे चढवून मफद्दलचं पाखरू बघतील!’

गेल्या वर्षी कायदा आला. किफ लावायला परवाने मिळणार, कारखाने निघणार, माल बाहेर जाणार. आणि माझ्या बहिणीसारख्यांना? औषधाच्या दुकानात विचारलं तर दुकानदार दाराकडे बघतो. म्हणून हा संसदेकडचा अर्ज. चार हजार सह्या हव्यात. प्रत्येकीसोबत ओळखपत्राची झेरॉक्स.

गुरुवार, १७ मार्च

अब्देन्नबीशी वाद. कोर्टासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, आमच्या सगळ्या प्रती तोच काढतो. सफिया — त्याची बायको — गेल्या वर्षी कर्करोगानं गेली. शेवटचे चार महिने तिला झोप लागली ती मफद्दलच्या तेलानं.

‘नाव कशाला घालतेस त्याचं? “एक शेतकरी” म्हण.’

‘एक शेतकरी म्हणजे कोण? भूत?’

‘भुताला अटक होत नाही, लल्ला.’

मी म्हटलं, अर्धंमुर्धं खरं लिहिलेला कागद मी पुढे पाठवणार नाही. आपण लपलो तर ते म्हणणारच, हे चोर आहेत. अर्जासाठी जमलेल्या आमच्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. अब्देन्नबीनं खांदे उडवले आणि प्रती काढायला घेतल्या.

मला माझं बोलणं आवडलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

मंगळवार, २२ मार्च

थुरैयाला आज बरं होतं. पाय मोकळे. चाकाच्या खुर्चीत बसून तिनं वाटाण्यांचा दाट बिसारा केला — निम्मा जिरं, निम्मी मिरची. मी तोंड वाकडं केलं तर म्हणते, ‘हे मीच केलंय एवढीच हमी. चवीची नाही. शिक्का सहीचा आहे, मजकुराचा नाही!’

माझंच वाक्य. खिडकीवर दिवसातून चाळीस वेळा म्हणते. लोकांना वाटतं, शिक्का बसला म्हणजे सरकारनं कबूल केलं. कोणी घर विकल्याचा कागद आणतो, कोणी शेजाऱ्यानं बकरी नेल्याचा. प्रत्येकाला सांगावं लागतं — बाबा, सही तुझी आहे एवढंच मी पाहिलं. आत लिहिलेलं तुझं तू निस्तर. कचेरीतली मंडळी मला ‘लल्ला शिक्का’ म्हणतात. म्हणोत.

छत्तीस वर्षांची आहे थुरैया. बालवाडीत मुलांना नाचायला शिकवायची.

रविवार, ३ एप्रिल

पहिला रोजा. सह्या दोन हजार तीनशे.

थुरैयाला रोजे माफ आहेत, तरी हट्टानं धरते. तेल मात्र घेते. ‘उपास जिभेचा आहे, पायांचा नाही.’

शुक्रवार, ८ एप्रिल

सी मफद्दल तेल घेऊन आला — भर दुपारी, टॅक्सीतून, हमरस्त्यानं! अंगात स्वच्छ पायघोळ जलाबा, दाढी कोरलेली. इतकी वर्षं अंधार फिटायच्या आत मागच्या दारानं यायचा, आडवाटेनं, बाटल्या पाल्याखाली लपवून. आज पुढच्या दारावर टकटक.

‘अहो, कोणी बघितलं तर?’

‘बघू दे की. आता कशाला लपायचं, लल्ला?’

थुरैयाच्या डोक्यावर हात ठेवला. नव्या नवरदेवासारखा नटला म्हणून तिनं त्याला चिडवलं. ‘जलाबा कोणासाठी, सी मफद्दल? चामाला, तुमच्या बायकोला, सांगू का?’ म्हातारा लाजला. रोजा होता, पाणीही घेतलं नाही.

आपल्या कामानं एका माणसाची भीती गेली. झोपेपर्यंत तेच मनात होतं. क्वचित इतकं बरं वाटतं.

मंगळवार, २६ एप्रिल

सी मफद्दलला धरलं. हमरस्त्यावरच्या नाक्यावर. पिशवीत एकोणीस बाटल्या.

बुधवार, २७ एप्रिल

कचेरीत तीन शिक्के उलटे पडले.

नोंदवही उघडून बघितली. १४ मार्च. ‘कागदाचा विषय’ या रकान्यात बाकीचे कारकून नुसतं ‘घोषणापत्र’ लिहितात. मी लिहिलंय — ‘घोषणापत्र : आजाऱ्यांना किफचे तेल देण्याबाबत’. माझ्या सुंदर अक्षरात! वही कोणीही साहेब चाळतो. पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. तो चांगुलपणा होता की भीती, मला सांगता येणार नाही.

शनिवार, ३० एप्रिल

बैठक. विणकर बायकांच्या खोलीत, मागांच्या मधल्या जागेत. सगळे एकच बोलत होते — कोणी सांगितलं?

‘कागद कोणाच्या हातून गेले?’ एकजण म्हणाला.  सगळे अब्देन्नबीकडे बघायला लागले.

‘माझ्याकडे का बघता?’

‘दुकान कोर्टासमोर आहे तुझं. चहा कोणाबरोबर पितोस ते दिसतं आम्हाला.’

‘मीच तर सांगत होतो, नाव घालू नका म्हणून! विचारा हिला!’

माझ्याकडे बोट. मी म्हणाले — ‘हो, सांगितलं होतं खरं.’ एवढंच. नोंदवहीचं बोलले नाही. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ‘म्हणूनच तर. आधीच माहीत होतं त्याला.’ तो उठला, टोपी घातली. दारात थांबला. ‘सफियाच्या बाटल्या अजून ठेवल्यात मी. रिकाम्या. त्या पण सरकारला देतो, थांबा.’

गेला. मागे कोणी गेलं नाही. मीही नाही.

मंगळवार, ३ मे

ईद. कोणी आलं नाही. थुरैयाचे पाय सकाळपासून लाकूड.

गुरुवार, १९ मे

तेल संपत आलंय. रोज अकरा थेंब देत होते, आता चार. तिला सांगितलं नव्हतं. आज म्हणाली, ‘चमचा पूर्वी चकाकायचा. आता फक्त ओला होतो.’

कळा आल्या की गुडघे छातीशी येतात आणि सुटत नाहीत. मी अंगाचा भार टाकून पाय सरळ करते. ती ओरडत नाही. उशीचा कोपरा दातात धरते. नंतर ‘बैल तरी परवडला तुझ्यापेक्षा, हलका असतो’ असं काहीतरी म्हणते, म्हणजे मी हसावं.

खिडकीवर आज सातजण आले. सही मागे घ्यायला. एकीचा मुलगा अपस्माराचा. ‘लल्ला, माझी झेरॉक्स परत दे. घरात एकच कमावता आहे.’ दिली. तिनं तिथेच चार तुकडे करून पदरात बांधले.

शुक्रवार, १० जून

अब्देन्नबीच्या दुकानात गेले. सांगायचंच, असं ठरवून. गिऱ्हाईक नव्हतं. तो यंत्राची काच पुसत होता.

‘काय काढायचंय?’ — जणू ओळखतच नाही.

माझ्या तोंडून निघालं, ‘वीजबिल.’ एक प्रत काढून दिली. घेऊन आले. बिल भरून महिना झाला होता.

गुरुवार, ७ जुलै

जसं झालं तसं लिहिते. एक शब्दही सजवायचा नाही.

आज मफद्दलची सुनावणी. मी चौथ्या बाकावर, खांबाच्या कडेला. पहिल्या बाकावर चामा, डोक्याला गावाकडचा लाल पट्ट्यांचा रुमाल. अब्देन्नबी मागे, एकटा. मफद्दल खूप बारीक झालाय. जलाबा तोच, एप्रिलमधला.

नाक्यावरच्या शिपायांचा अहवाल वाचला गेला. कोणी चुगली केली नव्हती. कोणाला काही माहीतच नव्हतं. टॅक्सी नेहमीसारखी थांबवली, ड्रायव्हरचे कागद बघितले, जा म्हणाले. तेव्हा मागे बसलेल्या म्हाताऱ्यानं स्वतः काच खाली केली आणि म्हणाला, माझेही बघा, माझ्याकडेही आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. मग मांडीवरची पिशवी उघडून बाटल्या दाखवल्या.

न्यायाधीशांनी विचारलं, ‘हा कागद कशाचा समजत होतास तू?’

‘परवाना आहे, सीदी. नव्या कायद्याचा. आमच्या डोंगरात काहींना मिळालेत म्हणतात. मला शाउनमध्ये मिळाला. शिक्का आहे ना त्याच्यावर.’

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. ‘परवाना आहे असं कोणी सांगितलं तुला?’

‘लल्ला नजीहानं. खिडकीवरच्या. मी विचारलं होतं, पक्कं ना? म्हणाली, पक्कं.’ आणि मान वळवून बाकांवर मला शोधायला लागला. रागानं नाही. बाजारात ओळखीचं माणूस शोधावं तसं. मी सापडले. त्याचा चेहरा उजळला. ‘ती बघा, आहे की! सांग ना गं यांना, लल्ला!’

शिक्का सहीचा आहे, मजकुराचा नाही — हे वाक्य चाळीस वेळा म्हणते मी दिवसाला. घर विकणाऱ्याला, बकरीवाल्याला. त्या दिवशी त्याला म्हटलं नाही. आपलाच माणूस, आपलाच कागद, आणि रांग लांब होती.

न्यायाधीश म्हणाले, ‘कोणी आहे का इथे या नावाचं?’

मी उठले नाही.

थुरैया घरी एकटी होती, माझी नोकरी गेली तर तिचं काय — हे सगळं मला बाकावर बसल्या बसल्या सुचलं असं लिहिता आलं असतं. नाही सुचलं. काहीच सुचलं नाही. पाय हलले नाहीत एवढंच.

दोन वर्षं.

रविवार, १० जुलै

मोठी ईद. शेजारच्यांनी मटण पाठवलं. झाकून ठेवलंय.

मंगळवार, १२ जुलै

थुरैयाला सांगितलं. सगळं. मार्चपासून. अब्देन्नबीचंही, वीजबिलाचंही.

 मला वाटलं, समजूत काढेल. ‘तो माझ्यासाठी आडवाटेनं यायचा तोवर सुरक्षित होता,’ म्हणाली. ‘आपणच त्याला हमरस्त्यावर आणलं.’

आपण! तिनं ‘आपण’ म्हटलं. त्यानं जास्त लागलं.

मग म्हणाली, ‘अपिलाला दहा दिवस असतात ना? आज कितवा?’

बुधवार, १३ जुलै

अब्देन्नबीच्या दुकानात. या वेळी सांगितलं. त्यानं यंत्र बंद केलं, आत जाऊन बसला.  बाहेर पडले तेव्हा मागून म्हणाला, ‘प्रती किती लागतील?’

शुक्रवार, १५ जुलै

माझ्या खिडकीवर माझीच सही चालत नाही. दुसऱ्या वॉर्डाच्या कचेरीत गेलो. सही करणारा समोर हवा असतो, म्हणून थुरैयालाही नेलं. अब्देन्नबीनं आणि मी खुर्ची पायऱ्यांवरून उचलली. दोन पानी कागद : शिक्का मी मारला, पक्कं असं मी म्हणाले, तेल आमच्या घरात येत होतं. खाली माझी सही. तिच्या खाली थुरैयाची — पेन तीनदा घसरलं, शेवटी अंगठा.

खिडकीवरच्या पोरगेल्या कारकुनानं ओळखपत्रं बघितली. मजकूर वाचला नाही. दोनदा शिक्का मारला आणि कागद सरकवला.

‘झालं, लल्ला. पुढचा कोण?’

मी जागेवरून हलले नाही. म्हटलं, ‘भाऊ, वाचा आधी.’