विहिरीची वीज आणि देवाचा तांब्या

प्रति,
मा. पाणी तपासणी अधिकारी,
तालुका कार्यालय, खालापूर.

विषय : उंबरवाडीची विहीर खुली करणे व अर्जदाराने लबाडी केल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : विहिरीवरील ‘पाणी पिऊ नये’ ही लाल पाटी.

महोदय,

१) अर्जदार पोशा कमळू खंडवी, वय ७२, राहणार उंबरवाडी, लोधिवलीच्या वर. गेल्या महिन्यात कॉलेजच्या श्रिया मॅडम विहीर तपासावयास आल्या. विहिरीचे पाणी बाटलीत भरून बाजूला ठेवले. आधी सोबतचे शुद्ध पाणी काचेच्या भांड्यात घेऊन त्यात एक चकती व दोन तारा बुडवल्या, वर काळे फडके टाकले. काळोखात संगणकावरची रेघ निजलेली. निळा दिवा दाखवताच कोपरावर उठून बसे. विचारणा केली असता, “बाबा, उजेड पडला की चकतीतून जराशी वीज वाहते. किती वाहते त्यावरून पाण्यातला धातू कळतो,” असे उत्तर मिळाले.

२) सदर उत्तर अर्जदारास संशयास्पद वाटले. भिवपुरीच्या वीजघरातही पाण्यापासून वीज काढतात, परंतु तेथे पाणी डोंगरावरून आपटावे लागते. उभ्या पाण्यातून वीज निघते म्हटल्यावर विहिरीभोवती कुंपण पडणार, हे सांगायला भगत नको. सबब मॅडम चहाला गेल्या असता अर्जदाराने बाटली ओतून तीत घरच्या देवाच्या तांब्यातले पाणी भरले. तांब्या उजळावा म्हणून त्यात तीन दिवस चिंच कोळून ठेवली होती. या पाण्याने वीज मरेल असा अंदाज होता. मॅडमनी परत येऊन बाटलीतले पाणी तपासले, तर रेघ आढ्याला लागली.

३) पाण्यात तांबे निघाले म्हणून पाटी लागली. आता बाया हंडे घेऊन ओढ्यापर्यंत उतरतात. त्यात अर्जदाराची पत्नी ठकी, गुडघे धरून.

४) अर्जदाराने वाडीत खरे सांगितले. परंतु वाघाच्या शेपटीला कंदील बांधून वरात आणल्याचे पूर्वी सांगितले असल्याने सर्व हसले. हिरामण म्हणाला, “दादा, ही नाय जमली. वाघाचीच सांग रं.” ठकी म्हणाली, “पाण्यावर बी थापा? लाज नाय वाटत?” (वाघाचे खरे आहे, तो विषय वेगळा.) मॅडम म्हणतात, साहेबांच्या पत्राशिवाय फेरतपासणी होत नाही.

तरी मॅडमना पुन्हा पाठवावे. पाणी त्यांनी स्वतः शेंदावे, बाटली मांडीवरून हलवू नये. अर्जदारास वीस पावले दूर बसवावे. तेथून तो दिव्यावर नजर ठेवील, कारण दिव्याचा भरवसा अजून वाटत नाही. पाणी चांगले निघाल्यास पाटी काढावी व ‘पोशाने लबाडी केली, हे खरे’ असे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. ठकीला वाचता येत नाही, पण शिक्का ओळखते.

आपला नम्र, व या खेपेस खरा,
पोशा कमळू खंडवी
दि. १२ मार्च २०२५

सोबत : देवाचा तांब्या, चिंचेच्या पाण्यासह. (पिऊ नये.)