दोनदा सापडलेला शब्द

मी, खाली सही करणारी, फोटोंना फ्रेमा करणाऱ्या दुकानाची मालकीण, डोकं ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सून शेजारी बसून आग्रह करते आहे, पण तिचा आग्रह धाकात मोडत नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात एक कलम फार रागाने लिहिलेलं होतं.

१. दुकानावरचं राहतं घर मुलाला. भिंतीत खिळा ठोकायचा झाल्यास त्याने कोणाला तरी बोलवावं. त्याने पाडलेली भोकं मी आजवर चित्रांखाली झाकत आले आहे.

२. दुकान, पुठ्ठा कापायचं यंत्र आणि लाकडी पट्ट्या माझ्या हाताखालच्या कारागीर बाईंना. गिऱ्हाइकांनी न नेलेले फोटो त्यांनी टाकू नयेत. लोक उशिरा येतात, पण येतात.

३. शेजारच्या औषधवाल्याला काही नाही. त्याच्या स्कूटरने माझ्या पायरीचा भरपूर उपभोग घेतला आहे.

४. बँकेतली शिल्लक सुनेला. कारण सांगणं भाग आहे. वकीलबाई म्हणाल्या, खात्यांचे पासवर्ड कुठे ठेवलेत तेही नमूद करा. मी म्हटलं, ठेवायचे कशाला, सगळीकडे एकच आहे. सुनेने कपाळाला हात लावला.

“आई, तो चोरांच्या हाती लागलाय का, ते तरी बघू या.”

तशी सोय असलेली एक साइट आहे म्हणे. मी निर्धास्त होते. तो शब्द कुठल्या शब्दकोशात नाही. लहानपणी मी आणि धाकटी बहीण बाबांच्या दुकानात फ्रेमांच्या ढिगामागे लपायचो, तेव्हा आत यायला तो शब्द म्हणावा लागे. आम्हीच बनवलेला, अर्थ काही नाही. आम्ही तो आईलाही सांगितला नव्हता.

“सापडला,” सून म्हणाली. “चोरीच्या यादीत दोनदा आहे.”

माझं खातं फुटलं होतं ते एकाच ठिकाणी, पडदे विकणाऱ्या साइटवर. मग दुसरं कोणाचं? सून विचारत राहिली. जगात तो शब्द ठाऊक असलेली दुसरी एकच बाई आहे. बाबांचा काच कापायचा हिरा मी ठेवून घेतला म्हणून ती रुसून गेली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आणि ती रोज तोच शब्द टाइप करत होती. मला इतका आनंद झाला की मी सुनेवरच खेकसले.

मग फोन लावला. इतक्या वर्षांनी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून कामाचंच बोलले.

“तुझा पासवर्ड फुटलाय. बदल.”

“माझा पासवर्ड तुला काय माहीत?” धाकटी म्हणाली. मग म्हणाली, “ताई, तूसुद्धा?”

बाकीचं बोलणं या दस्तऐवजाच्या कक्षेत येत नाही. माझे नवे पासवर्ड सुनेने बंद पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत. ते मला पाठ होणं शक्य नाही. जिने माझी शिल्लक वाचवली, तिचीच ती व्हावी.

५. बाबांचा काच कापायचा हिरा धाकटीला. आधीच्या मृत्युपत्रात “तिला या घरातला खिळाही मिळू नये” असं होतं. ते मी मागे घेते.

दुरुस्ती: आज सहीच्या वेळी धाकटी स्वतः आली आणि साक्षीदार होते म्हणाली. वकीलबाईंनी सांगितलं, साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, दिलेलं फुकट जातं. यावर धाकटी म्हणाली, “मग खोडा ते कलम. आणि ताई, हिरा आत्ताच दे. तू मरायची वाट कोण बघत बसणार?”

सबब कलम ५ रद्द. हिरा तिच्या पर्समध्ये गेला. काच कापायला तिला येत नाही, हे नमूद करून ठेवते.

स्थळ: दुकानामागची खोली.
दिनांक: मार्चचा दुसरा गुरुवार.
सही: लिहून ठेवणारी, वर सांगितल्याप्रमाणे.

साक्षीदार:
१. वकीलबाईंचे कारकून.
२. धाकटी, सख्खी बहीण. ताईने माझ्यासमोर सही केली. आपण रडत नव्हतो असं तिचं म्हणणं आहे. त्याला माझी साक्ष नाही.