चुन्याची खूण

क्रांती चौक, औरंगाबाद

चि. बद्रीनाथ,

तुला एक आजी आहे, हे ध्यानात असंल तर आशीर्वाद घे. विसरला असशील तर तुझ्या आईला विचार, तीच हे लिहून घेती.

फौजेचा वकील झालास. अतिरेक्याचं घर उडवावं का नाय, यावर तुला मत द्यायचंय म्हणं. माझं मत फुकट घे: उडव.

कायदेवाले लई हुशार. अठ्ठेचाळीस साली आपल्या गावात रणगाडे आले, अन् नाव ठेवलं पोलीस ॲक्शन! माझ्या बन्सीदादाला वहाब रझाकारानं मारलं होतं. फौजेला घर कळावं म्हणून मी पानाच्या डब्यातला चुना अंगठ्यानं त्याच्या दाराला लावला.

सुभेदारानं विचारलं, "वहाब आत आहे?"

"पळाला."

"मग कोण आहे?"

"म्हातारा बाप."

"त्याच्याकडं हत्यार?"

"नाय."

त्यानं रुमालानं खूण पुसली. "बाई, बापाला मारायचा हुकूम नाय आम्हाला."

फौज पुढं गेली. मी पुन्हा चुना लावला. गावानं घर पेटवलं. म्हातारा आतच होता.

वहाब सापडला तर आजही सोडणार नाय. सुभेदारालाही नाय. खूण पुसलीस ना सुभेदारा, मग थांबला का नाहीस?

तुमच्यात पत्रं फोडून वाचतात, म्हणून हे पेटीतच राहील. आई फोनवर सांगंल तेवढं कर. तिकडल्या जर्दाळूच्या दोन पिशव्या पाठव. एक माझी, एक बजाजनगरच्या जोहराची. ती त्या म्हाताऱ्याची नात. कारण विचारू नको.

तुझी आजी भागूबाई
निशाणी डाव्या हाताचा अंगठा