जांभळ्या शालूची व्यवस्था

मी, रहिमतबी याकूब मुजावर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा नाटकाचे कपडे भाड्याने देणे, राहणार सांगली, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. डॉक्टर क्रांतीताईंनी मला तपासून बुद्धी शाबूत असल्याचे सांगितले. माझा मुलगा तौसीफ याला त्याचे आश्चर्य वाटले, त्याचीही नोंद व्हावी.

१. घर आणि बँकेतली ठेव शरियतीप्रमाणे वारसाकडे जाईल, त्यात माझे काही म्हणणे नाही. बोलायचे आहे ते कपडेपटाबद्दल. मिळकतीचा एक-तृतीयांश आपल्या मर्जीने देता येतो आणि कपडेपट त्यात सहज बसतो, तेव्हा तो कोणाला द्यायचा ते मी ठरवते.

२. हा कपडेपट माझे मरहूम पती याकूब यांनी शिवला. एकोणिसाव्या शतकातल्या बायका ही त्यांची खासियत. सरदारणीचा शालू, सावकारिणीचे इरकली लुगडे, सुधारकाच्या बायकोचे झालरीचे पोलके आणि बूट-मोजे, दासीचे आखूड जाडेभरडे लुगडे. त्या काळी काठावरून बाईची पायरी ओळखायचे. शंभरात एखादीच सरदारीण असेल. माझ्या दुकानातून मात्र गॅदरिंगची प्रत्येक पोरगी सरदारीण होऊनच बाहेर पडते. दासीचे लुगडे कोणी कधी नेले नाही. ते उत्तम सुती आहे. तौसीफने त्या लुगड्याने दुकान पुसू नये.

३. सर्व कपडेपट सून नूरीन हिला. बूट-मोजे तर खास तिलाच. त्या काळी बूट घालून निघालेल्या बाईला लोक शेण मारायचे. नूरीनने स्कूटी घेतली तेव्हा आमच्या गल्लीने तेवढे शेणच काय ते मारले नाही. तौसीफला लग्नाच्या फोटोंसाठी लांब शेपटाचे गाऊन दुकानात ठेवायचे असतील तर नूरीनला विचारून ठेवावेत.

४. जांभळा शालू दुकानात नाही. तो कुठे गेला हे तौसीफ रोज विचारतो, म्हणून सविस्तर लिहिते. हे कलम पाटणात मोठ्याने वाचू नये.

कराडच्या रंगूबाईंनी तो लेकीच्या, शिवांजलीच्या, साखरपुड्याला नेला. सोयरे पाटणचे नानासो, सरदार घराण्यातले म्हणवणारे. त्यांच्यापुढे कमी पडू नये म्हणून रंगूबाईंनी मांडवात सांगून टाकले की शालू पोरीच्या खापरपणजीचा, साताऱ्याच्या सरदारांकडचा. सासरच्यांनी तो कौतुकाने ठेवून घेतला आणि दरवर्षी गौरीला नेसवू लागले. खरे तर तो सांगलीतल्या बंद पडलेल्या थिएटरचा साटिनचा पडदा. जरीचे काठ बँडवाल्यांच्या जुन्या कोटांवरचे.

मागच्या गौरीला मी तो आणायला पाटणला गेले. रंगूबाई तिथेच होत्या. मला बघून धावत आल्या. "आवं, हळू बोला! पोरीचं सासर हाय हे." मग सगळ्यांना म्हणाल्या, "ह्या आमच्या वाड्यावरच्या जुन्या शिवणकामवाल्या." म्हणजे आमच्या दुकानातून निघालेली पहिली दासी मीच!

नानासो पाहुण्यांना सांगत होते, "आठराशे आठ्ठावन्नचा हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलेच होते, पण समोर शिवांजली हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभी, आणि डोळ्यांनीच मला नको म्हणत होती.

"काम जुनं आहे," एवढेच मी म्हणाले. ते खोटे नव्हे.

मग नानासोंच्या आई बनुबाई मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "पडदा हाय न्हवं त्यो?"

मी पुरणाच्या पातेल्याकडे बघितले.

"माझं म्हायेर सांगलीचं. त्या थेटरात लय पिच्चर बघितल्यात म्या. ह्यो कवा वर जातुया म्हनून बघत बसायची. पर सून गुनाची हाय, तवा गप ऱ्हावा. आन जाताना भिंतीवरची तलवार बघून जावा."

बघितली. पत्र्याची, मुठीवर सायकलच्या घंटीची वाटी. याकूबचेच काम! नानासोंच्या वडिलांनी जत्रेतल्या नाटकाला नेलेली, ती परत आलीच नव्हती. मला राहवले नाही, बोटाने टिचकी मारली. घंटी वाजली. दिवाणखान्यातल्या सगळ्या माना वळल्या.

"लढाईत इशारा द्यायला आसायची," नानासो म्हणाले.

मी पोटभर पुरणपोळी खाल्ली आणि मोकळ्या हाताने सांगलीला आले. एसटीत इतकी हसले की कंडक्टरने पाणी दिले.

५. तरी तो शालू शिवांजलीला आणि ती तलवार नानासोंना कायमची देते. तौसीफने पाटणला जाऊन काही मागू नये. दोन्ही घराणी आजपासून माझ्या सहीने सरदार.

६. माझे कफन साधे, पांढरे, न शिवलेले असावे. हौसेने भारी कापड आणू नये. जन्मभर मी गिऱ्हाइकांच्या मागे 'कपडा परत आणा' म्हणत फिरले. हा एक मात्र मी परत करणार नाही.

वाचून, समजून, स्वतः सही केली.
रहिमतबी याकूब मुजावर

आमच्या समक्ष सही झाली:
१. डॉ. क्रांती शिंदे, सांगली
२. बनुबाई, राहणार पाटण (डाव्या हाताचा अंगठा)

सांगली, दि. ९ फेब्रुवारी २०२५