आदिमानव वेसाव्याचाच

६ फेब्रुवारी १९७२, रविवार
अंधेरीच्या वाचनालयात पुण्याच्या प्रोफेसरांचं व्याख्यान. हाडांवरून आदिमानवाचं स्थलांतर. घाटावर सापडलेल्या एका सांगाड्याच्या दाढा झिजून सपाट. खाणं रेताड असणार, म्हणाले. पण माणूस आला कुठून, ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. वाळूत सुकवलेले बोंबील. गडी आमच्या वेसाव्याचा. माझ्याही दाढा सपाट आहेत. प्रोफेसरांना दाखवायला घरी बोलावलं. आधी नको म्हणाले, पापलेटाचं नाव काढल्यावर २० तारीख दिली.

७ फेब्रुवारी
बायकोला शोध सांगितला. कमळ म्हणते, बोंबील आपण बांबूवर वाळत घालतो, वाळू आली कुठून? ती बाजारात मासळी विकते. पण मासळी विकणं वेगळं, संशोधन वेगळं. बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करून मी दोन्ही जाणतो.

१२ फेब्रुवारी
उजवी दाढ ठणकते. नेमकी सगळ्यात सपाट. डॉक्टर शिवदास म्हणाले, काढा. मी सांगितलं, पुरावा जागचा हलवत नसतात. लवंग धरली आहे.

१६ फेब्रुवारी
गाल टम्म. ऑफिसात सहदेवने विचारलं, घरी मारामारी झाली का? हजारो मैल चालत गेलेली माणसं दाढदुखीला भ्यायली नाहीत. मीही भीत नाही. वीस तारखेपर्यंत दाढ हलणार नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाषण पाठ. फोटोसाठी शर्टाला इस्त्री. आता वेसावा शाळेच्या पुस्तकात जाणार. तोंड जरा कमी उघडतं. उद्या उघडेल. न उघडून सांगतं कुणाला.

२० फेब्रुवारी, रविवार
उघडलं नाही. प्रोफेसर टॉर्च घेऊन बसले. चमचासुद्धा आत शिरेना. भाषण मी नाकातून केलं, त्यांना कळलं नाही. फटीतून दिसलं तेवढं पाहून त्यांनी कमळला विचारलं, हे झोपेत दात खातात का?
"लग्न झाल्यापासून," कमळ म्हणाली. "बाजूची जानकी पण उठते ना आवाजानं."
प्रोफेसरांनी टॉर्च बंद केला आणि दुसरं पापलेट घेतलं.

२१ फेब्रुवारी
दाढ काढली. हार मानलेली नाही. रेतीचा मुद्दा तेवढा मागे घेतो. त्या सांगाड्याचंही लग्न झालेलं असणार. घर सोडून तो एवढ्या लांब घाटावर का गेला, तेही आता कळलं. मीसुद्धा आजच निघालो असतो. पण कमळने मऊ पेज केली आहे.