परतीच्या विमानाची फाईल

५ ऑगस्ट
नितीनचा फोन. परदेशातला त्यांच्या पलटणीचा तळ बंद झाला, झेंडाही उतरवला. ट्रंका बांधून तयार. पण परतीच्या विमानाचा खर्च कुणी करायचा, यावरून दिल्लीतल्या दोन खात्यांत जुंपलीय. "आमच्या माघारीला मुहूर्त मिळेना, बाबा." हसत होता. इकडे त्याची लेक तीन महिन्यांची झाली, बारसं अडलंय. मनालीचं म्हणणं, नाव बापासमोरच ठेवायचं. तोवर आम्ही चिमी म्हणतो. सून हट्टी आहे, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

८ ऑगस्ट
चौतीस वर्षं कचेरीत फायली हाकल्या, त्याचा आज उपयोग. विषय, संदर्भ, महोदय… झकास पत्र केलं. दोन्ही खात्यांना. शिवाय एकाची प्रत दुसऱ्याला, माहितीस्तव. गोडदेव नाक्यावरचा झेरॉक्सवाला, "अंकल, इतना किसको भेज रहे हो?" म्हटलं, सरकार को. सौ. म्हणाली, "रिटायर झालात ना?" तिला काय कळतंय.

२१ ऑगस्ट
नितीनचा आवाज पडलेला. खर्च निम्मा-निम्मा ठरत आला होता, फाईल शेवटच्या सहीला गेली होती. तेवढ्यात कुणा जवानाच्या वडिलांचं पत्र दोन्हीकडे पोचलं. त्याला उत्तर कोणत्या खात्याने द्यायचं, म्हणून फाईल परत खाली. "बाबा, तुम्ही काही लिहिलंत का?"
'प्रथम पत्रास उत्तर द्यावे, मग सादर करावे.' हा शेरा मीच आयुष्यभर मारला. फार लाज वाटली. मनालीला कसं सांगू…

२२ ऑगस्ट
सांगितलं. चिमीचे लंगोट वाळत घालत होती, शेवटचा चिमटा लावून आत गेली. दुपारी चहा आणला, आलं घातलेला. "बाबा, आता काही लिहू नका. एवढंच." सौ.ला हसू आवरेना, मग डोळ्याला पदर.

२५ ऑगस्ट
'पत्र मागे घेण्याबाबत' असं एक पत्र लिहिलं. फाडलं. त्यालाही आवक क्रमांक पडणार, त्यालाही उत्तर लागणार. मला पोरगा घरी हवाय, बाकी काही नको.

३० ऑगस्ट
नितीन म्हणतो, साहेबांनी तोडगा काढलाय. माझ्याकडून लेखी हवं, उत्तराची अपेक्षा नाही म्हणून. म्हणजे पुन्हा लिहिणं आलं. मी मनालीकडे पाहिलं. तिने पेन आणून दिलं आणि चिमीला घेऊन समोर बसली. "दोन ओळी, बाबा." संदर्भ घालायला लागलो तर तो खोडायला लावला. 'महोदय' तेवढं राहू दिलं. फोटो काढून नितीनला पाठवला.

१ सप्टेंबर
विमानाचं अजून काही कळलं नाही. पाळणा माळ्यावरून काढला, पुसून ठेवला. मनालीने नावाची चिठ्ठी कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलीय, कुणाला दाखवत नाही. आधी तो वाचणार म्हणे.